भर मे महिन्यात गिटारचा टॉप खड्ड्यात गेला! आर्द्रतेचं नक्की गणित काय?

तंतुवेडा

नमस्कार मंडळी. मी इंदूरचा, राजेंद्रनगर. नोकरी कॉम्प्युटरची, खाज लाकडाची. गेले सात महिने शनिवार-रविवार जाळून पहिली अकूस्टिक गिटार बनवतोय, ड्रेडनॉट (मोठ्या अंगाचा प्रकार). टॉप, म्हणजे वरची फळी, सिटका स्प्रूसची (बाहेरून मागवली, किंमत घरात सांगितलेली नाही), बॅक आणि साइड आपल्याकडच्या शिसमच्या.

तर झालं असं. मे च्या दुसऱ्या आठवड्यात टॉप २.९ मिमीपर्यंत उतरवला, २८ फुटी त्रिज्येच्या डिशमध्ये (खोलगट साच्यात) ठेवून आतून एक्स ब्रेस (X आकारातल्या आधाराच्या पट्ट्या) आणि बाकीच्या पट्ट्या चिकटवल्या, छताला बांबूच्या काठ्या टेकवून दाब दिला. दुसऱ्या दिवशी काढलं तर काय सुंदर घुमट! मधोमध पट्टी टेकवली की दोन्ही कडांना सव्वादोन-अडीच मिमी फट, अगदी हिशोबाप्रमाणे. फोटो काढून चार जणांना पाठवले. मग बैठकीत पाहुणे येणार म्हणून आईने सगळं वरच्या गच्चीच्या खोलीत न्यायला लावलं. पाच दिवसांनी बघतो तर घुमट गायब, उलट मधे खोलगट, चपातीच्या तव्यासारखं. पट्टी ठेवली तर मधूनच उजेड दिसतोय.

आता मला सांगा, सगळीकडे वाचतो की गिटार पावसाळ्यात बनवू नका. मी भर उन्हाळ्यात बनवली. इंदूरात मे मध्ये हवा किती कोरडी असते ते सांगायला नको, ओठ फुटतात. शिवाय माझ्याकडे आर्द्रतेचा मीटर आहे, चिकटवलं तेव्हा तो ५० टक्के दाखवत होता, म्हणजे जवळपास आदर्शच. मग चुकलं कुठे?

कॅपो

बाप रे. वाचूनच पोटात गोळा आला. उत्तर माहीत नाही पण खुर्ची टाकून बसतोय.

शिसमकाका

लाकूड कच्चं असणार. बाहेरून मागवलं म्हणजे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आलेलं ना? आमच्या वर्कशॉपमध्ये नवीन फळी आली की महिनाभर खालीवर पट्ट्या लावून नुसती उभी ठेवायचो, हात लावायचा नाही. आजकालच्या मुलांना दम नाही.

तंतुवेडा

काका, फेब्रुवारीत उघडलं होतं. टॉपच्या दोन फळ्यांचा मधला जोड एप्रिलमध्ये मारला. दम होता हो, दोन महिने होता.

शिसमकाका

मग ब्रेसच्या लाकडाच्या रेषा बघा. तिरक्या असल्या तर पट्टी स्वतःच मुरडते.

बडोद्याचा_बोका

सहा गिटारी आणि दोन युकुलेले बनवले आहेत, त्यातल्या पहिल्या दोन फुटल्या, त्यामुळे बोलायचा अधिकार आहे असं समजतो.

ब्रेस मुरडला असता तर खड्डा एका बाजूला, वाकडातिकडा आला असता. इथे सगळा टॉप एकसारखा खाली बसलाय म्हणजे फळी आकसली आहे. बघा, स्प्रूसची फळी लांबीत जवळजवळ हलतच नाही, जे काही हलणं आहे ते रुंदीत. क्वार्टर सॉन (वर्तुळरेषा फळीत उभ्या येतील असं कापलेलं) स्प्रूस धरा, लाकडातलं पाणी एक टक्का कमी झालं की रुंदी साधारण ०.१५ टक्के कमी. तुमच्या टॉपची खालची रुंदी ४०० मिमी, म्हणजे एका टक्क्याला अर्धा मिमी पेक्षा थोडं जास्त. आणि ब्रेस बसवलेत आडवे-तिरके, त्यांची लांबी बदलत नाही. म्हणजे बाहेरची फळी आकसायला बघतेय आणि आतल्या पट्ट्या हटून बसल्यात. मग काय होणार, फळीची बाहेरची बाजू आखूड, आतली लांब, सगळं बाहेरच्या बाजूने खोलगट होणार. इस्त्रीच्या थर्मोस्टॅटमध्ये दोन धातूंची पट्टी असते ना, तोच प्रकार, फक्त तिथे उष्णता आणि इथे ओल.

म्हणजे तुम्ही चिकटवताना फळी ओली होती आणि नंतर वाळली. एवढं तर नक्की. मे मध्ये ओली कशी होती ते मात्र मला कळत नाही.

झारा

गिटारमधलं काही कळत नाही पण पोहे सादळतात तसंच ना हे?

बडोद्याचा_बोका

उलटं. सादळलेले पोहे चिकटवले आणि मग भाजले.

झारा

😂 आता कळलं. शाळेत असे शिकवले असते तर.

आजोबांचा_रंधा

थोडं रोखठोक बोलतो, राग मानू नये. हे मीटर, टक्के, डिश वगैरे सगळं परदेशी खूळ आहे. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सतार-तंबोरे बनतात, २०२४ मध्ये जीआय मानांकनसुद्धा मिळालं. तिथल्या कुठल्या कारागिराने भिंतीवर हायग्रोमीटर लावलाय? हाताने फळी वाजवतात आणि सांगतात. आपल्या लोकांना आपल्याच गोष्टींचा विश्वास नाही.

मृण्मयी_ग्वाल्हेर

रंधाजी, मिरजेच्या कारागिरांबद्दल आदर आहेच, पण तुलना जुळत नाही. सतारीची तबली (वरची फळी) तुणाच्या लाकडाची असते आणि तिच्याखाली गिटारसारखं पट्ट्यांचं जाळं नसतं, त्यामुळे ती आकसली-फुगली तरी तिला अडवणारं फारसं कुणी नाही. गिटारचा टॉप तीन मिमीच्या आत, त्यावर तारांची ओढ सत्तर-ऐंशी किलो, म्हणून ब्रेस लागतात आणि ब्रेस आले की हे भांडण आलं. शिवाय मिरजेत लाकूड आणि पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे वाळवत ठेवतात ते मीटर नसल्याची भरपाई वेळेने करतात म्हणून. तिथे घाई कोण करतंय?

आमच्या ग्वाल्हेरला सरोद घर हे वाद्यांचं संग्रहालय आहे. सरोदेला तर लाकडाऐवजी चामडं, पावसात ते सैल पडतं आणि सूर उतरतो. वाद्य म्हटलं की हवामान आलंच.

तंतुवेडा, एक साधा प्रश्न. ज्या बैठकीत ब्रेस चिकटवले तिथे कूलर चालू होता का?

तंतुवेडा

...

हो.

मोठा डक्टवाला, खिडकीत. खसच्या ताट्यांचा. नाहीतर ४१ डिग्रीत कोण रंधा मारणार.

कॅपो

ओहोहोहो

खमंग

कॅमेरा झूम. ढँण ढँण ढँण.

मृण्मयी_ग्वाल्हेर

वाटलंच. कूलर म्हणजे काय, पाणी वाफ करून खोली गार करणारं यंत्र. तो बाहेरची कोरडी हवा घेतो आणि तिच्यात पाणी भरतो. आमच्याकडे लू चालू असते, बाहेर १५ टक्के, आणि कूलरच्या खोलीत वर्तमानपत्राची पानं मऊ पडलेली असतात. तुम्ही मे मध्ये गिटार बनवलीच नाहीत, तुम्ही घरात छोटा पावसाळा आणून त्यात बनवलीत. आणि मग ती गच्चीच्या खोलीत, म्हणजे खऱ्या मे महिन्यात नेऊन ठेवलीत.

तंतुवेडा

पण ताई, मीटर ५० दाखवत होता! ५० ला काय वाईट आहे? सगळे ४० ते ५० म्हणतात.

बडोद्याचा_बोका

मीटर किती रुपयांचा?

तंतुवेडा

दोनशे ऐंशी. 🙈 दोन हजाराच्या टॉपसाठी... बरं बरं, दोन नाही, जास्त.

मृण्मयी_ग्वाल्हेर

मिठाची परीक्षा घ्या. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, मुलांकडून दरवर्षी करून घेते. एका बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, विरघळवू नका. ते झाकण आणि मीटर एका घट्ट डब्यात बंद करून आठ-दहा तास ठेवा, उन्हात नाही आणि कूलरसमोर तर नाहीच. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते, मीठ कुठल्याही कंपनीचं असो. मीटर किती दाखवतो ते बघा.

पण एका बिंदूवर विसंबू नका, चूक सगळीकडे सारखी नसते. कॉलेजच्या लॅबमधून थोडं मॅग्नेशियम क्लोराइड मिळालं तर तीच परीक्षा त्यावर करा, त्याचं उत्तर ३३ यायला हवं. आपल्याला हवा असलेला ४५ या दोघांच्या मधे पडतो.

शिसमकाका

मीठ. बघा, शेवटी स्वयंपाकघरातच उत्तर निघतं. आमच्या वेळेला बायको म्हणायची मीठ ओलं झालं, की मी दाराला रंधा मारायचं बंद करायचो. पावसात फुगलेलं दार तासलं की दिवाळीला फटीतून मांजर आत येतं.

खमंग

काका, हे दार प्रकरण प्रत्येक घरात आहे. आमच्या वाड्याचं संडासचं दार जुलैत बंदच व्हायचं नाही, आत बसून गाणं म्हणावं लागायचं.

आजोबांचा_रंधा

दाराचं लाकूड नवीन असेल. जुनं, मुरलेलं लाकूड हलत नाही.

बडोद्याचा_बोका

हलतं हो. दांडिया बाजारातल्या आमच्या घराचे दरवाजे पणजोबांच्या काळचे सागवानी, अजूनही दर ऑगस्टला अडकतात. जुनं लाकूड थोडं कमी हलत असेल, पण हलायचं थांबत नाही. पॉलिशनेही थांबत नाही, फक्त वेग कमी होतो, आणि गिटारला आतून तर पॉलिशच नसतं.

कॅपो

थोडं अवांतर, पण मी नुसता वाजवणारा. माझी गिटार जुलैत तारा एवढ्या उंच होतात की बोटं सोलतात, आणि मे मध्ये पाचव्या-सहाव्या फ्रेटला (दांडीवरच्या धातूच्या पट्टीला) झणझण करते. हेच कारण का? दुकानदाराने दोन्ही वेळेला पैसे घेऊन ब्रिजचं हाड (ज्यावर तारा टेकतात ते) बदललं. 😑

बडोद्याचा_बोका

हेच. पावसात टॉप फुगून वर येतो, ब्रिज वर, तारा वर. उन्हाळ्यात टॉप बसतो, तारा फ्रेटला लागतात. हाडं दोन ठेवा, एक उंच एक ठेंगणं, तारा बदलताना ऋतूप्रमाणे घाला, झालं. आणि उन्हाळ्यात हात फिरवला की फ्रेटची टोकं टोचतात का? म्हणजे फिंगरबोर्डसुद्धा आकसलाय.

कॅपो

टोचतात!! मला वाटायचं माझा हातच नाजूक.

झारा

प्लायवुडचा टॉप घेतला तर?

बडोद्याचा_बोका

हलत नाही फारसा, थर एकमेकांना आडवे असतात ना. म्हणून शाळेत, कँपात न्यायला उत्तम. आवाजाबद्दल इथे बोललो तर धागा दोनशे प्रतिसादांवर जाईल.

आजोबांचा_रंधा

हिमालयातला देवदार का वापरत नाही कोणी? बाहेरून कशाला मागवायचं?

बडोद्याचा_बोका

एकदा वापरला. वास इतका छान की घरचे कपाटात ठेवायला मागत होते. पण तेलकट, चिकटवायच्या आधी पुसून पुसून हात दुखले.

तंतुवेडा

मंडळी, निकाल आला. मिठात मीटर ६२ वर थांबला. यायला हवे होते ७५. भाचीच्या कॉलेजमधून मॅग्नेशियम क्लोराइड मिळालं, तिथे ३३ च्या जागी २४.

म्हणजे मधलं गणित केलं तर माझा तो 'आदर्श' ५० म्हणजे खरे ६१-६२. आणि गच्चीच्या खोलीत तो १२ दाखवतोय म्हणजे खरे २० धरू. कूलरचा परिणाम मीटरने मला दाखवला होता हो, फक्त दबक्या आवाजात.

मृण्मयी_ग्वाल्हेर

शाब्बास. आता बोकाभाऊंचं गणित पुढे न्या. ६२ टक्के हवेत लाकडात साधारण ११ टक्के पाणी राहतं, २० टक्के हवेत चारच्या आसपास. सात टक्क्यांचा फरक, ४०० मिमीला ०.१५ टक्क्याने चार मिमीच्या वर. मोकळी फळी असती तर तेवढी आकसून गप्प बसली असती. चिकटलेली आहे म्हणून खड्डा. चिरली नाही हे नशीब, आधी ती गच्चीच्या खोलीतून खाली आणा!

तंतुवेडा

आणली. आता बेडरूममध्ये एसीत आहे. आई म्हणते पाहुण्यांना बैठकीत उकडतंय आणि गिटार एसीत.

पुढे काय करू? ब्रेस काढू? पिवळा ग्लू वापरलाय.

शिसमकाका

काढू नका. पाऊस येतोच आहे, आपोआप वर येईल.

बडोद्याचा_बोका

काका, पावसात वर येईल आणि पुढच्या मे मध्ये परत खाली, या वेळेला तारांसकट, म्हणजे मधल्या जोडाशी किंवा ब्रिजच्या कडेने सरळ तडा. माझ्या पहिल्या दोन्ही अशाच गेल्या. मी त्या सप्टेंबरात जोडल्या होत्या, बाहेर गरबा आणि घरात ८० टक्के.

आधी आठ दिवस खऱ्या ४५ टक्क्यांत ठेवा. एसी ड्राय मोडवर. घुमट पूर्ण आला तर काही करू नका. अर्धवट आला तर ब्रेस काढा. उलथणं गरम करून पिवळा ग्लू सुटतो पण वेळ खातो, आणि पाणी लावलंत तर परत फळी फुगणार. मी सरळ पटाशीने तासून टाकीन, उरलेलं रंध्याने. ब्रेसचं लाकूड स्वस्त आहे, टॉप नाही.

कॅपो

तासून टाकायचं? अख्खं काम? हळहळ.

तंतुवेडा

आठ नाही, दहा दिवस ठेवलं. घुमट आला जेमतेम एक मिमी. हवा होता सव्वादोन.

रविवारी ब्रेस तासले. टॉप वाचला. रेडिओ लावून बसलो होतो, पंधरा दिवसांचं काम दीड तासात कचऱ्यात. शेजारचे काका डोकावून म्हणाले, "काय तोडून राहिलात?" मी म्हटलं, कूलर.

आता पाऊस सुरू झालाय, मीटर ७० म्हणजे खरे ८० च्या वर. एसीत काम करावं तर आई-बाबा झोपतात ती एकच खोली आहे. नोव्हेंबरपर्यंत थांबू का?

बडोद्याचा_बोका

थांबायची गरज नाही. इथे बडोद्यात पावसाळा म्हणजे काय असतो विचारू नका, २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी घरात आली होती, लोक गिटारीच्या ओलीची नाही, मगरीची चौकशी करत होते. तरी मी पावसात काम करतो. नेक घडवणं, भोकं पाडणं, साचे बनवणं बाहेर. आणि टॉप-बॅकला ब्रेस मारायचे तेवढं फक्त गरम पेटीतून.

प्लायचं मोठं खोकं करा, टॉप आडवा मावेल एवढं. आत एक जुना फिलामेंटचा बल्ब, लाकडापासून लांब, जाळीच्या मागे, कापड वगैरे जवळ नको, आणि एक तापमानाचा कंट्रोलर. ओल न काढता नुसती हवा गरम केली तरी टक्के उतरतात, कारण गरम हवेला जास्त पाणी धरता येतं. खोलीत २८ डिग्री आणि ८० टक्के असतील तर तीच हवा ३८ ला नेली की साधारण ४६. बास. फळी आणि ब्रेस दोन्ही त्यात आठवडाभर ठेवायचे, रोज वजन करायचं, वजन उतरायचं थांबलं की फळी तयार. मग बाहेर काढायचं, पटापट चिकटवायचं, आणि डिशसकट परत आत. अर्ध्या तासाच्या वर बाहेर ठेवायचं नाही, पातळ फळी ओल लगेच पिते.

मृण्मयी_ग्वाल्हेर

+१. वजनाची युक्ती मस्त आहे, ती मीटरपेक्षा खरं बोलते. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमवाला काटा चालेल.

आजोबांचा_रंधा

वजन करून बघणं हे आमच्याकडेही करायचे. फळी हातात घेऊन. बाकी पेटी चांगली कल्पना आहे, मान्य.

खमंग

नोंद घ्यावी, रंधाजी सहमत झाले. धाग्याचं सार्थक.

तंतुवेडा

पेटी झाली. प्लाय सियागंजमधून, कंट्रोलर महाराणी रोडवरून. बल्बसाठी चार दुकानं फिरलो, सगळे म्हणाले एलईडी घ्या भिया, शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदाराने माळ्यावरून धूळ झटकून दोन काढून दिले, मेणबत्तीसारखे गुंडाळून.

टॉप पहिल्या दिवशी २१४ ग्रॅम होता. पाचव्या दिवशी २०६, सहाव्या २०६, सातव्या २०६. मीटरवर चिठ्ठी चिकटवली आहे: "३५ म्हणजे ४५". शनिवारी रात्री चिकटवलं, २२ मिनिटांत, बायकोने घड्याळ धरलं होतं.

रविवारी काढलं. घुमट २.२. मग मुद्दाम पेटीबाहेर दोन दिवस ठेवून बघितलं, भर पावसात, ३.५ पर्यंत फुगला. परत आत ठेवला, परत २.२ च्या जवळ.

बडोद्याचा_बोका

क्या बात! आता फुगतोय तो फुगू दे, वर जायला त्याला जागा आहे. आता रिम (बाजूंची चौकट) लावेपर्यंत पेटीतच ठेवा, आणि बॅकचेही ब्रेस त्याच पेटीतून, विसरू नका.

शिसमकाका

फोटो टाका.

तंतुवेडा

टाकतो काका, रात्री. सध्या पेटी रिकामी नाही. सकाळी टॉप काढून वजन करत होतो तेवढ्यात आईने आत दोन ताटं सरकवली, उडदाचे पापड, पावसामुळे वाळत नव्हते म्हणे. मीटर ४१ दाखवतोय, म्हणजे खरे ५१-५२. पापडांचं पाणी निघतंय, टॉप मी कपाटात गुंडाळून ठेवलाय.